माणसांची मोजणी

अब्बा कोळसा खाणीवर रात्रपाळीचे चौकीदार होते. मी सिक्युरिटी मॅनेजर झालो तेव्हा एवढंच म्हणाले, "बेटा, ताले तो सबच गिनते. तू आदमी गिन."

2005 च्या कायद्यानंतर सुरक्षारक्षकाला 160 तासांचं प्रशिक्षण आलं. चोर, आग, गर्दी सारं शिकलो. वाघ माझ्या वहीत नव्हता.

2022 च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला. तेव्हापासून आमच्या गेटवरून रात्री मी कुणाला एकटं सोडत नाही. सोबत रक्षक देतो. साहेब विचारतात, "माल कोण राखणार?"

उत्तर न देता मी रजिस्टर उघडतो. शेवटचा माणूस घरी पोहोचल्याचा फोन आला, की त्याच्या नावापुढे खूण करतो. मगच घरी जातो.