जबाब आणि जबाबदारी

मनुष्यास दुःख सोसवते; परंतु ते आपण एकट्यानेच सोसले, आणि ज्यांनी सोसावयास सांगितले त्यांनी मात्र ते अंगास लावून घेतले नाही, असे कळले म्हणजे तेच दुःख दुसऱ्यांदा सोसवत नाही. ही गोष्ट आम्ही आयुष्यभर मुलांस शिकवीत आलो खरे. पण तिचा अर्थ आम्हांस नीट उमगला तो २०२० सालच्या मे महिन्यात, आणि तोही सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एका दूरध्वनीमुळे.

आमची पुतणी लग्नानंतर इंग्लंडात राहते. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस तिला आणि आमच्या जावईबापूंना दोन दिवसांच्या अंतराने ताप भरला. घरात तीन वर्षांची मुलगी. तेथील पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी २३ मार्च रोजी टाळेबंदी पुकारली होती, आणि घरातील एकासही करोनाची लक्षणे दिसली तर साऱ्या घराने १४ दिवस उंबरठा ओलांडू नये, असा नियम होता. जावईबापूंची थोरली बहीण मोटारीने तीन तासांच्या वाटेवर राहते. “निदान पोरीला तरी माझ्याकडे आणून सोडा,” असा तिचा रोजचा धोशा. पण ही दोघे गेली नाहीत. एकाने धडपडत उठून पेज करावी, ते निजले की दुसऱ्याने उठावे; शेजारीण दारात दूध ठेवून, घंटा वाजवून, दहा पावले मागे सरून उभी राही. इकडे आमच्या वहिनींनी ते चौदा दिवस कसे काढले, ते देवापुढल्या समईलाच ठाऊक. ईश्वरकृपेने सर्व बरी झाली.

मेच्या २३ तारखेस तिचा दूरध्वनी आला. आवाज रडवेला नव्हता, संतापाचा होता. ती म्हणाली, “काका, नियम पाळावा असं तुम्हीच आम्हांला शिकवलंत. आम्ही पाळला. मग आम्ही मूर्ख ठरलो का?”

आदल्या सायंकाळी तेथील वृत्तपत्रांनी एक बातमी फोडली होती. पंतप्रधानांचे प्रमुख सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज हे पत्नी आजारी पडली असता, २७ मार्च रोजी, तिला व चार वर्षांच्या मुलास मोटारीत घालून लंडनहून सुमारे ४२० किलोमीटर दूर, डरहॅम येथे आईवडिलांच्या शेतावर जाऊन राहिले होते. एवढ्यावरच भागले नव्हते. १२ एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, ते तेथून अर्ध्या तासाच्या वाटेवरील बर्नार्ड कॅसल नावाच्या गावापर्यंत फेरी करून आले होते. पुढे २५ मे रोजी पंतप्रधानांच्या निवासस्थानामागील गुलाबाच्या बागेत मेज मांडून त्यांनी वार्ताहरांस आपली कैफियत ऐकविली. मूल लहान, दोघेही आजारी पडलो तर त्याचे पाहणार कोण, म्हणून गेलो. आणि आजारामुळे दृष्टी मंदावल्यासारखी वाटत होती, लंडनपर्यंत मोटार हाकवेल की नाही, हे पाहण्यासाठी ती फेरी केली, असे त्यांचे म्हणणे. केल्याचा पश्चात्ताप नाही, हेही त्यांनी सांगितले. दृष्टी अधू झाली की नाही हे पाहण्यासाठी बायकोमुलास गाडीत बसवून रस्त्यावर निघण्याची ही रीत ऐकून अवघा देश आधी हसला आणि मग संतापला.

न्यायाची गोष्ट अशी की, सल्लागारांच्या बाजूनेही काही बोलता येते, आणि ते बोललेच पाहिजे. बापाचे काळीज ते बापाचे काळीज. शिवाय लहान मुले असलेल्या घरांस नियम तंतोतंत पाळणे कठीण जाईल, हे सरकारी सूचनांतही कबूल केलेले होते. डरहॅमच्या पोलिसांनी चौकशी करून २८ मे रोजी निर्वाळा दिला तो असा की, डरहॅमास जाण्यात गुन्हा घडला नाही. बर्नार्ड कॅसलच्या फेरीत फार तर नियमाचा किरकोळ भंग झाला असावा. मग इतका गहजब कशासाठी? एका मोटारीच्या प्रवासापायी राष्ट्र पेटावे, हे तारतम्यास सोडून नव्हे काय?

याचे उत्तर आम्हांस राज्यशास्त्राच्या ग्रंथांत सापडले नाही. ते आमच्याच एका जुन्या अपराधात सापडले. तो अपराध आजवर आम्ही घरातही कोणास सांगितलेला नाही.

तीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही आठवीस संस्कृत शिकवीत होतो. शनिवारी सकाळची शाळा. ज्यास नेमून दिलेला शब्द चालवता येणार नाही, त्याने शाळा सुटल्यावर तासभर बसून तो पाठ करूनच घरी जावे, असा आमचा नियम. आणि तो आम्ही कडकपणे पाळवीत असू. आमचे थोरले चिरंजीव त्याच वर्गात होते. एके शनिवारी ‘राजन्’ शब्द चालविताना षष्ठीपाशी त्यांची गाडी अडली. त्याच दिवशी आमच्या भगिनी मुलाबाळांसह दुपारच्या एस.टी.ने परत निघावयाच्या होत्या, आणि भाच्याने निरोपास यावे अशी त्यांची फार इच्छा होती. आम्ही चिरंजिवांस डोळ्यांनीच ‘जा’ म्हणून खुणावले. वर्ग पाहत होता. “घरी अडचण आहे,” एवढेच आम्ही म्हणालो; आणि अडचण खोटी नव्हती.

पुढल्या शनिवारी तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. बाप शेतमजूर, दुपारी त्याची भाकरी रानात पोचविण्याचे काम या मुलाकडे असे. तरीही तो वर्षभर दर शनिवारी मुकाट्याने थांबत आला होता. तो अगदी नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, घरी अडचण असली तर जाता येतं, हे आम्हांला माहीत नव्हतं.”

आम्ही त्यास “उद्धटपणा पुरे” म्हणून खाली बसविले.

त्या दिवसानंतर मुले थांबत, पुस्तके उघडीत, ओठही हलवीत; पण नियम मेला होता. छडीने तो पुन्हा उठला नाही. वाचकहो, चिरंजीव तासभर लवकर गेले याचे वर्गास दुःख नव्हते. आम्ही नियमात एक दार ठेवले होते आणि ते फक्त आपल्या घरच्यास दाखविले, हे वर्गास कळले होते. जी सवलत नियम करणाऱ्याच्या गोतावळ्यासच ठाऊक असते, तिला सवलत म्हणत नाहीत. तिला मिरास म्हणतात. “आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे” ही म्हण आपल्या आजीबाईंनी उगाच घडविलेली नाही.

इंग्लंडात नेमके हेच घडले. आमच्या पुतणीचे मूल लहानच होते. तीही दोघे आजारीच होती. सूचनांत फट आहे, ती आपणांसही लागू पडेल, असे तिच्या स्वप्नातही आले नाही. कारण सरकार रोज उच्चरवाने सांगत होते ते एवढेच की, घरी राहा. त्याच सूचनांवर विसंबून कित्येकांनी आईबापांचे शेवटचे दर्शन घेतले नाही. हुजूर पक्षाचेच एक उपमंत्री डग्लस रॉस यांनी २६ मे रोजी राजीनामा दिला. माझ्या मतदारांपैकी कित्येकांना आप्तांचा अखेरचा निरोपही घेता आला नाही; ते सारे चुकले आणि एक सल्लागार तेवढा बरोबर, असे मी त्यांस प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. त्या पक्षाच्या ४० हून अधिक सभासदांनी सल्लागारास दूर करा म्हणून टाहो फोडला. पण जॉन्सनसाहेबांनी २४ मे रोजीच सांगून टाकले होते की, कमिंग्ज यांचे वर्तन जबाबदारीचे, कायदेशीर आणि सचोटीचे होते.

आम्हांस येथे शब्दांची आठवण होते. तो आमचा जन्माचा धंदाच पडला. राजाच्या सल्लागारास संस्कृतात मुख्यतः तीन नावे आहेत. मंत्री, म्हणजे गुप्त मसलत करणारा. सचिव, म्हणजे सोबत चालणारा. अमात्य, म्हणजे घरात, निकट राहणारा. तिन्ही शब्दांत राजाशी जवळीक आहे; प्रजेशी नाते एकाही शब्दात नाही. आजच्या सल्लागाराचेही तसेच आहे. त्यास कोणी निवडून दिलेले नसते, म्हणून कोणी पाडूही शकत नाही. त्याच्या वर्तनाचा जाब विचारण्यास प्रजेला एकच दार उरते, ते त्याच्या धन्याचे. धन्यानेच ते लावून घेतले तर प्रजेने जावे कोठे? ‘जबाबदारी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. संस्कृताने घडविलेला शब्द ‘उत्तरदायित्व’. दोहोंच्या पोटात एकच अर्थ आहे: विचारले असता उत्तर देण्याचे बंधन. उत्तर टाळून जबाबदारी पार पडत नाही, आणि अर्धे उत्तर देऊनही नाही.

ते उत्तर अर्धे होते, हे पुढे सल्लागारांनीच कबूल केले. ते नोव्हेंबर २०२० मध्ये पदावरून गेले. आणि २६ मे २०२१ रोजी पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी सांगितले की, कुटुंबास लंडनबाहेर हलविण्यामागे सुरक्षिततेची धास्तीही होती, ती गोष्ट बागेतील कैफियतीत सांगितली नाही, आणि हे सारे प्रकरण हाताळण्यात मोठी चूक झाली. वर्षभराने आलेल्या या उत्तराचा कोणास काय उपयोग?

याउलट उदाहरणे त्याच देशात, त्याच वर्षी घडली होती. स्कॉटलंडच्या प्रमुख वैद्यकीय अधिकारी कॅथरिन कॅल्डरवुड टाळेबंदीत आपल्या दुसऱ्या घरी दोनदा गेल्या. ते उघड होताच त्यांनी माफी मागून ५ एप्रिल रोजी पद सोडले. साथीचे गणित मांडणारे नील फर्ग्युसन यांनीही ५ मे रोजी, नियमभंगाबद्दल, सरकारच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. चूक त्यांचीही झाली. पण त्यांच्या चुकीने नियम मेला नाही. चूक करणारा जेव्हा ‘चुकलो’ म्हणतो, तेव्हा तो मोडलेला नियम आपल्या हाताने पुन्हा उभा करीत असतो.

म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. लंडनच्या संशोधकांनी सुमारे ४०,००० लोकांची मते तपासून ऑगस्ट २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, २२ मेनंतर इंग्लंडातील लोकांचा सरकारवरील विश्वास झपाट्याने घसरला. आणि काळ खरोखरच सोकावला होता. ज्या बागेत ती कैफियत झाली, तिथेच पाच दिवस आधी, २० मे रोजी, सरकारी नोकरांचा मद्यपानाचा मेळावा भरला होता व खुद्द पंतप्रधान त्यात डोकावून आले होते, हे जानेवारी २०२२ मध्ये त्यांस कबूल करावे लागले. पुढे अशा मेळाव्यांबद्दल पोलिसांनी ८३ जणांस मिळून १२६ दंड केले. त्यांत एक दंड पंतप्रधानांस होता. जून २०२३ मध्ये पार्लमेंटच्या समितीने, जॉन्सन यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली, असा ठपका ठेवला. तोवर ते पंतप्रधानही राहिले नव्हते आणि सभासदही.

असो. पुतणीस आम्ही त्या दिवशी काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, “पोरी, तुम्ही मूर्ख ठरला नाहीत. तुम्ही नियम पाळलात तो त्या सल्लागारासाठी नव्हे. दारात दूध ठेवणाऱ्या त्या शेजारणीसाठी पाळलात. तिच्यापर्यंत ताप पोचला नाही, हे तुमचे फळ. संताप मात्र सोडू नकोस. तो न्याय्य आहे.” ती थोडी शांत झाली असे वाटले.

आम्ही झालो नाही. तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा आज पन्नाशीकडे झुकला असेल. कोठे असतो, आम्हांस ठाऊक नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे होते, आणि ते दोन शब्दांचे होते: ‘आम्ही चुकलो.’ ते त्या शनिवारी दिले असते, तर वर्गही आमचा राहिला असता आणि नियमही. मोठ्या माणसांचा जबाब मागण्यापूर्वी आपला देऊन टाकावा, म्हणून आज तो येथे लिहीत आहोत. हे मासिक त्याच्या घरी जात असेल, तर त्याने वाचावे.