पावती नसलेलं देणं

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम केल्यामुळे मला एक खोड जडली आहे. दिल्या-घेतल्याचा प्रत्येक कागद जपून ठेवायचा. लेकीच्या कार्टिंगची फाइल त्यामुळेच चांगली जाडजूड झाली आहे. टायर, साखळी, ब्रेक पॅड, स्पर्धांची प्रवेश फी, एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट महासंघाचा परवाना, बरगड्या सांभाळणारं जॅकेट, सगळ्याच्या पावत्या तारखेनं लावलेल्या. ज्या माणसामुळे हे सगळं उभं राहिलं, त्या तात्या मिस्त्रींची मात्र त्यात एकही पावती नाही. त्यांनी कधी पैसेच घेतले नाहीत.

लेक आठ वर्षांची झाली तेव्हा तिच्या मामानं हौसेनं तिला भाड्याच्या कार्टमध्ये बसवलं. भाड्याची कार्ट म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिन, चारी बाजूंनी बंपर, धडकलं तरी हसायचं आणि उतरून भेळ खायची. ती हसली नाही. उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, "वळणावर मागचं चाक सरकतं, ते कसं थांबवायचं?" तिथल्या प्रशिक्षकानं आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटात गोळा आला. कर्ज विभागातल्या माणसाला खर्च फार लांबून दिसतो.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना तालमी आठवतात, तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. शहराबाहेर मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथं होतात, हे आमच्या पेठेतल्या कितीतरी जणांच्या गावीही नव्हतं. बंगळूरची, कोइमतूरची मुलं इथं येऊन शर्यत खेळतात आणि आमच्या घरात मात्र 'ही श्रीमंतांची थेरं' एवढ्यावर विषय संपायचा. सासूबाईंना मी बडोद्याच्या मीरा एर्डाचं उदाहरण दिलं. तीही नवव्या वर्षी कार्टमध्ये बसली आणि पुढे फॉर्म्युला गाड्यांपर्यंत पोचली. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "तिचा बाप काय करतो?" नेमक्या दुखऱ्या जागी बोट.

नवी कार्ट परवडणारी नव्हती. मुलं भराभर वाढतात आणि लहान चौकटीत त्यांचे गुडघे मावेनासे होतात, म्हणून मायक्रो मॅक्स या लहान मुलांच्या गटातल्या कार्ट हातोहात पुढे जातात. पुण्याच्या एका कुटुंबाकडून आम्ही जुनी चौकट आणि इंजिन घेतलं. व्यवहार रोखठोक झाला. निघताना त्या गृहस्थांनी गाडीत एक खोकं ठेवलं. त्यात तीन-चार स्प्रॉकेट, मुलाचं मानेचं पॅड आणि एक दोनशे पानी वही. वहीत प्रत्येक सरावाची नोंद होती: हवा कशी, कार्ब्युरेटरमध्ये जेट कुठला, मागचं स्प्रॉकेट किती दात्यांचं, टायरमध्ये हवा किती, वेळ किती लागला. मी किंमत विचारली तर ते म्हणाले, "वही विकत नाही हो. पोरगीला लिहायची सवय लावा." वहीवर त्यांच्या मुलाचं नाव होतं. ते खोडायला माझा हात धजला नाही.

आता ही वही वाचणार कोण? मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. रेसिंग टीमचा मेकॅनिक लावायचा तर प्रत्येक शर्यतीला त्याचं मानधन, प्रवास, मुक्काम. माझ्या भावानं इथल्या कारखान्यांच्या वस्तीतलं, उद्यमनगरातलं एक नाव सुचवलं: तात्या मिस्त्री. तात्यांचं सगळं आयुष्य टू-स्ट्रोक गाड्यांत गेलेलं. राजदूत, येझदी, लुना, नंतर आरएक्स १००. त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या तसं तात्यांचं गिऱ्हाईकही गेलं होतं. जुन्या आरएक्सवर जीव टाकणारी काही पोरं यायची, तेवढंच.

मी टेम्पोतून कार्ट त्यांच्या दुकानासमोर उतरवली. तात्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, ह्याचं शॉकअप कुठं हाईत?"

नाहीत, म्हटलं.

"आणि डिफरेन्शियल?"

तेही नाही.

"मग ही वळती कशी?"

लेकीनं पहिल्या दिवशी विचारला होता तशाच जातीचा प्रश्न इथं एका पिकल्या केसांच्या माणसानं मोठ्यानं विचारला. त्या क्षणी दोघांचं जमलं. उत्तर शोधायला तात्यांना आठवडा लागला. चौकट त्यांनी दगडांवर ठेवली, स्टीअरिंग इकडेतिकडे वळवून पाहिलं आणि मग लेकीला बोलावून दाखवलं. स्टीअरिंग वळवलं की पुढच्या चाकांच्या कोनामुळे चौकट पिळते आणि आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीपासून कणभर उचललं जातं. ते उचललं नाही तर एकाच दांड्यावर असलेली मागची दोन्ही चाकं गाडीला सरळच ढकलत राहतात. "पैलवान डाव मारताना एक पाय हलका करतो का न्हाई? तसंच हे. पाय हलका व्हायला पायजे, पण सुटला तर आपटलाच." लेकीला फिजिक्सच्या बाईंनी पुढे टॉर्क शिकवला तेव्हा ती म्हणाली, हे तर तात्यांनी सांगितलंय.

आमच्या कार्टचं इंजिन रोटॅक्सचं, आणि ते कंपनीच्या सीलनं बंद असतं. ते उघडायचा अधिकार ठरावीक केंद्रांनाच. हे कळल्यावर तात्यांचा चेहरा पडला. आयुष्यभर सिलिंडर उघडून पोर्ट घासण्यात ज्याचा हातखंडा, त्याला इंजिनाला हातच लावायचा नाही म्हणजे काय! दोन दिवस ते फुगून बसले. मग म्हणाले, "बरंच हाय की. पैशेवाल्याचं इंजिन आणि आपलं इंजिन सारखंच म्हणायचं. बाकीचं बघू." हे बाकीचं म्हणजे साखळीचा ताण, दांड्याची सरळ रेघ, कार्ब्युरेटर, आणि एका लिटरला वीस मिली या हिशेबानं पेट्रोलमध्ये तेल. तेल मोजायला त्यांनी औषधाची बाटली ठेवली होती आणि ते काम ते कुणाला देत नसत. हिवाळ्यात पहाटे ट्रॅकवर गारठा असायचा. गार हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून जेट मोठा. रेडिएटरवर चिकटपट्टीचे दोन पट्टे, म्हणजे पाणी लवकर तापेल. ऊन चढलं की पट्टे काढायचे. फेरी झाली की प्लग काढून रंग बघायचा. काळा ओलसर असला तर पेट्रोल जास्त, पांढरट असला तर कमी आणि इंजिनाला धोका. तपकिरी दिसला की तात्या प्लग खिशात टाकून तंबाखू मळायला बसायचे.

एकदा मी त्यांना सांगितलं की पहिली कार्ट १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इन्गल्स नावाच्या माणसानं बनवली. रेसिंग गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात तो नोकरीला होता, पण कार्टला त्यानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावलं. तात्या इतके खूश झाले की पुढचा महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकावी लागली. प्रत्येक वेळी तो अमेरिकन थोडा अधिक उद्यमनगरचा होत गेला.

वजनाचाही एक पेच होता. चालक आणि गाडी मिळून किमान वजन ठरलेलं असतं, शर्यत संपली की दोघांना काट्यावर चढवतात, कमी भरलं तर निकाल रद्द. आमची काडी पैलवान. सासूबाई तिच्या भातावर तूप ओतत होत्या आणि तात्या सीटला शिसं लावत होते. शिशाच्या पट्ट्या त्यांनी ओळखीच्या फाउंड्रीतून ओतून आणल्या. किती लावायचं यापेक्षा कुठं लावायचं यावर त्यांची लेकीशी तासन्‌तास चर्चा चाले. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं मत एक साठीचा माणूस इतक्या गंभीरपणे ऐकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या घरात तर नाहीच.

पण माझं खरं देणं वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. ट्रॅकच्या कुंपणाशी पालकांची एक रांग असते. हेल्मेटमधल्या आणि इंजिनाच्या आवाजातल्या मुलाला काही ऐकू जात नाही, तरी सगळे ओरडत असतात. हातवारे, 'दाब, दाब', कपाळावर हात. गाडी थांबली की मूल उतरायच्या आत चौकशी सुरू. मीही त्याच रांगेत उभी राहणार होते. पण तात्यांनी माझ्या हातात हवा मोजायचा गेज दिला. "ताई, टायर तुमचं. फेरीच्या आधी आणि नंतर. वहीत लिवायचं." मोटारीच्या टायरला तीस पीएसआयच्या आसपास हवा लागते, कार्टला त्याच्या निम्मीसुद्धा नाही, आणि अर्ध्या आकड्यानं गाडीचं वागणं बदलतं. गाडी आली रे आली की टायर गरम असतानाच मोजायचं, चारही. तोवर लेक हेल्मेट काढून पाणी प्यायलेली असायची. मला बोलायला सवडच नसे. हे काम मुद्दाम माझ्या गळ्यात घातलं होतं, ते मला फार उशिरा समजलं.

तिनं पाणी प्यायल्यावर तात्या एकच विचारायचे, "इंजिन काय म्हणालं?" कितवी आलीस, ते नाही. ती सांगायची, "तिसऱ्या वळणातनं निघताना दम लागतोय त्याला. आणि तिथं मी जरा लवकर ब्रेक दाबलो." आधी गाडीचं, मग स्वतःचं. तिची चूक ती आपण होऊन सांगायची, कारण कुणी विचारत नव्हतं.

मायकेल शूमाकरची गोष्ट सगळ्या रेसिंग पालकांना तोंडपाठ असते. जर्मनीतल्या केर्पेनच्या ट्रॅकवर वडील कार्ट दुरुस्त करायचे, आई तिथल्या कँटीनमध्ये राबायची. पण तेवढ्यानंही भागत नव्हतं आणि युर्गेन डिल्कसारख्या माणसांनी पोराच्या रेसिंगचा खर्च उचलला, हे सांगताना लोक आवाज खाली आणतात. बापाच्या कष्टाची गोष्ट सांगायला सोपी पडते. लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या हेही खरंच. मला मात्र अशा गोष्टी ऐकताना नेहमी वाटतं, वडील नोकरीवर असताना लुईसच्या कार्टचा कार्ब्युरेटर कोण साफ करत होतं?

एका स्पर्धेत सकाळच्या सरावात लेक टायरांच्या भिंतीवर आदळली. तिला काही झालं नाही, जॅकेटनं बरगड्या वाचवल्या. मागचा दांडा मात्र वाकला. आमच्याकडे जादा दांडा नव्हता. गुणतालिकेत तिच्या अगदी लगत वर असलेल्या मुलाचे वडील बेळगावचे. ते स्वतःहून दांडा घेऊन आले. तात्यांनी तो काचेवर लोळवून सरळ आहे का ते आधी पाहिलं, मगच घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गृहस्थ मात्र मान डोलावत म्हणाले, "बघायलाच पाहिजे." फायनलमध्ये लेक त्यांच्या मुलाच्या एक जागा पुढे आली. संध्याकाळी ते दांडा न्यायला आले तेव्हा त्यांनीही तो काचेवर लोळवला. तात्यांना ते फार आवडलं.

ज्युनियर मॅक्स या वरच्या गटात गेल्यावर खर्चाची पायरी एकदम उंचावली आणि लेकीनं स्वतःच थांबायचं ठरवलं. मी रडले, ती नाही. आता ती डिप्लोमाला आहे आणि सुट्टीत उद्यमनगरात तात्यांच्या दुकानात बसते. तात्यांच्या मुलालाही जे जमलं नाही, ते प्लगचा रंग वाचणं तिला जमतं, असं तात्या त्याच्यादेखत सांगतात.

पैसे द्यायचे मी पुष्कळ प्रयत्न केले. पाकीट ठेवलं, ते परत आलं. त्यांच्या नातवाच्या नावानं ठेव करायचं बोलले तर चिडले. शेवटी दिवाळीचा फराळ तेवढा चालतो, त्यातही चकली कडक झाली तर ऐकून घ्यावं लागतं. बँकेत आम्ही थकबाकीदाराला नोटीस पाठवतो. इथं थकबाकीदार मी आणि नोटीस काही येत नाही.

मागच्या महिन्यात आमची जुनी चौकट सांगलीच्या एका बाईंनी घेतली. नऊ वर्षांचा मुलगा, नवऱ्याचा विरोध, डोळ्यांत ती ओळखीची धास्ती. वही त्यांना दिली, पुण्याच्या त्या मुलाच्या नावाखाली आता लेकीचंही नाव आहे. तात्यांना फोन केला तर ओरडले, "आता आणि एक? मी काय शाळा काढलीय?" आणि मग विचारलं, शनिवारी किती वाजता.

बाई निघताना म्हणाल्या, "मिस्त्री किती घेतात?"

मी म्हटलं, "पैशाचं तुम्ही त्यांनाच विचारून बघा. चहा मात्र घरून न्या, बिनसाखरेचा, ट्रॅकवरचा ते पीत नाहीत. आणि टायरचा गेज आत्ताच घेऊन ठेवा, चांगल्यातला."