कर्ज काढून थंड हवा?

चि. छोटी,


तुझा काल रात्रीचा निरोप वाचला आणि डोळ्याला डोळा लागला नाही. विचारलंस ते साधंच आहे: चिखलदऱ्याला एसटीनं गेलं तर स्वस्तात होईल का, दोन दिवस पुरतील का. पण त्याच्या आधी जे लिहून टाकलंस, की जावईबापू मनालीसाठी कुठल्याशा ॲपवरून कर्ज घेतायत, वर्षभराचे हप्ते आहेत, आणि चिखलदरा म्हटलं तर लोकांना सांगायला लाज वाटते, त्याचं काय? फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसती ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच आणि जावईबापूंनाही दे.

आधी विचारलेलं सांगते. अकोल्याहून अकोट, अंजनगाव करत परतवाडा. तिथे गाडी बदलायची. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला वर पोचाल. 17 मार्च 2023 पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुम्ही दोघं दीड तिकिटात जाल. आम्ही दोघं एका तिकिटात जातो. मावसाजींची पासष्टी झाली आणि त्यांनाही अर्धं लागू झालं. दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर घे, पण खा वर गेल्यावरच. तुला गाडी लागते. शेगावला जाताना काय झालं होतं ते आठव. पुढची सीट धर, आवळासुपारी जवळ ठेव. गणपती उठले की जा, आणि शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यात त्या दोन दिवशी घाटात मोटारींची रांग लागते आणि लॉजवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात.

आता लाजेचं. थंड हवा ही पैसेवाल्यांची इस्टेट आहे असं तुला कोणी शिकवलं? आमच्या घरात तरी नाही. 1823 मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला आणि मग गोऱ्या साहेबांनी तिथे उन्हाळ्यासाठी बंगले बांधले. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे कोरकू होते, गवळी होते, बहमनी काळापासूनचा गाविलगड उभा होता. पण नाव लागलं साहेबाचं. खाली वऱ्हाड भाजून निघायचं आणि साहेब वर गारव्याला. आपल्यासारखा माणूस त्या बंगल्यांत शिरायचा तो चाकरीला. ज्या दिवशी एसटीची लाल गाडी तो घाट चढून गेली, त्या दिवशी ती हवा आपली झाली. मे महिन्यात अकोल्याला कूलरसुद्धा गरम वारा फेकतो, आणि तुमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, समुद्रसपाटीपासून 1100 मीटरच्या वर, रात्री गारवा असतो. हे तिकिटाच्या पैशांत मिळतं म्हणून त्याची किंमत कमी झाली का? लांब जाऊन आणलेल्या फोटोंना मान आणि आपल्या डोंगराला नाक मुरडायचं, हे मला सहन होत नाही.

बुधवाऱ्यातली आमची ती एक खोली, यांचा तेव्हाचा पगार आणि अण्णांच्या कर्जाच्या प्रकरणानंतरची ती वर्षं. तुझ्या आईनं सांगितलंच असेल. तेवढ्यातही आम्ही चिखलदरा सोडला नाही. निघताना पैसे दोन जागी ठेवायचो, परतीच्या तिकिटाचे माझ्याकडे आणि बाकीचे यांच्याकडे. माझ्याकडच्या पैशांना हात लावायचा नाही, हा नियम. एकदा भीमकुंडापर्यंत गाडी करायची की चालत जाऊन तेवढ्याची रबडी खायची, यावर आमचं भररस्त्यात भांडण झालं. चालत गेलो. रबडी खाल्ली. छोटी, त्या वेळी घरात सासूबाई होत्या, दोन दीर होते. दोघांनी मिळून ठरवावं असं घरात काही नव्हतंच, भाजी कुठली करायची तेसुद्धा नाही. कुठल्या गाडीनं निघायचं, कुठे उतरायचं, कशावर किती खर्चायचे, हे आम्ही नवरा-बायकोनं एकमेकांना विचारून पहिल्यांदा ठरवलं ते त्या प्रवासात. मला यांचा स्वभाव तिथे कळला. पैसे संपत आले की हे गप्प होतात, आणि मग आपण चहा नको म्हणतात. टूरवाल्यानं सकाळच्या नाश्त्यापासून सगळं ठरवून दिलेल्या सहलीत तुम्ही दोघं एकमेकांना विचारणार काय? आणि परत आल्यावर वर्षभर दर महिन्याला हप्त्याची तारीख आली की काय बोलणार?

धामणगाव गढीच्या पुढे गाडी चढू लागते. ड्रायव्हर गिअर खाली टाकतो, इंजिनाचा सूर बदलतो, आणि खिडकीतला वारा एका वळणाला कोमट तर पुढच्या वळणाला गार लागतो. कोरकू बाया टोपल्या घेऊन चढतात. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे, दूरच्या संथाळांच्या बोलीची नातलग. आपल्याला अक्षर कळत नाही, पण उभं राहायची वेळ आली की त्या आपलं पोर तुझ्या मांडीवर बसवून निर्धास्त होतात. मोटारीची काच वर केली की हे गेलं. मोथा गावच्या गवळ्यांचा खवाही खा, पण बेतानं.

गाविलगड मात्र चुकवू नका. पायी जा. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांच्या वेलस्लीनं तो घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी भोसल्यांनी देवगावला तह केला, आणि 30 डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला. ज्या अंजनगावच्या स्टँडवर तुमची गाडी थांबेल ना, तेच गाव. जावईबापूंना इतिहासाची आवड आहे म्हणतेस, मग हे ठाऊक आहे का विचार. शार्दूल दरवाज्यावरचं गंडभेरुंड नीट बघा, लोक घाईनं खालून निघून जातात.

पण पावसानंतर गडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. पंचबोल पॉइंटला कठड्याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. धुकं उतरलं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही, तेव्हा असाल तिथे थांबा. अंधार पडल्यावर गावाबाहेर फिरू नका, मेळघाटचं जंगल आहे ते, अस्वलं आहेत. स्टँडवर उतरल्याबरोबर परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून घ्या आणि शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. जोराचा पाऊस असला तर निघूच नका, घाटात दगड येतात. खरं तर निघायच्या आदल्या दिवशी मला विचारल्याशिवाय जाऊच नका.

आणि ते कर्ज. सही झाली का? फोनवर एक बटण दाबलं तरी ती सहीच असते, हे जावईबापूंना सांग. मावसाजींच्या बँकेतल्या मित्राला विचारून घेतलं: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत किती ते कागदात लिहिलेलं असतं. कागद शोधा. पैसे खात्यात आले असतील तर त्यातला रुपयाही मोडू नका, विमानाची तिकिटं काढू नका. ॲपनं फोनमधले सगळ्यांचे नंबर घेतलेत का तेही बघा. अण्णांच्या वेळी वसुलीला दारात माणसं यायची, आता फोनवर येतात म्हणे. तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस, तिचं बीपी तुला माहीत आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मावसाजी उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याला येतायत, त्यांच्या हाती देते. संध्याकाळी ते परत निघतील. त्याआधी दोघं बसून कर्जाचे कागद बघा, आणि कर्ज मंजूर झालं की नाही, झालं असेल तर कुठल्या तारखेला, एवढं चिठ्ठीवर लिहून त्यांच्याजवळ दे.

तुझी
मावशी