घरं मोजायची, भोकं नाही

मागे एका शनिवारी आईने मला एक काम सांगितलं. "मला भरायच्या कापडावर दहा-दहा घरांच्या रेघा आखून दे." बस्स, एवढंच.

मी म्हटलं, हाय काय अन् नाय काय! अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात तीन वीकेंड गेले, दोनदा सगळं उसवलं, आणि मधे एक दवाखान्याची फेरीही झाली. तर त्याचीच ही गोष्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी. आईकडे एक जुनी आलेख वही आहे. लग्नाआधीपासून जमवलेले नमुने त्यात आहेत. राजहंसांची जोडी, दारावरचं तोरण, 'सुस्वागतम्', गणपती. आमच्या पिढीच्या बहुतेक घरांत शोकेसच्या वर काचेच्या फ्रेममधे असलं काहीतरी लटकत असायचं, ते आठवा. त्यालाच क्रॉस स्टिच म्हणतात, फुलीचा टाका. कापडाच्या एका घरात एक फुली, वहीच्या एका घरात एक खूण. आमच्या भाषेत सांगायचं तर हाताने केलेली पिक्सेल आर्ट. ताईच्या मुलीसाठी आईला त्यातला आंब्याच्या डहाळीवरच्या पोपटांच्या जोडीचा नमुना करायचा होता. ९० घरं उंच, १२० घरं रुंद.

पूर्वी आईने आयुष्यात कधी रेघा आखल्या नव्हत्या. मॅटीचं कापड घ्यायची, मधोमध घडी घालायची आणि टीव्हीवरची मालिका बघत बघत मोजायची. पण आता डायबेटिसने डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. गेल्या वर्षी उजव्या डोळ्यात इंजेक्शनं झाली. पांढऱ्या कापडावर पांढरी घरं मोजणं तिला जमेना. तीन वेळा सुरुवात करून तिने कापड कपाटात टाकून दिलं होतं. म्हणाली, "मोजायला डोळे लागतात, टाका घालायला बोटं पुरतात. तू मोजून दे, मी भरते."

पहिला वीकेंड : कापड

रविवार पेठेतून मॅटी आणलं. आईने हात फिरवला आणि म्हणाली, "पट्टी लाव. दोन इंचात किती घरं बसतात बघ. उभी आणि आडवी, दोन्हीकडून."

आडवी २२, उभी २०.

"म्हणजे पोपट उंचाडा होणार," आई म्हणाली. बरोबरच होतं. एकीकडे इंचाला ११ घरं आणि दुसरीकडे १०, म्हणजे प्रत्येक घर थोडं उभट. वहीत गोल असलेलं पोपटाचं डोकं कापडावर अंड्यासारखं आलं असतं. ते मॅटी गेलं पिशव्या शिवायला. मग आयडा कापड आणलं, ११ काउंटचं. ११ काउंट म्हणजे इंचाला ११ घरं, दोन्ही दिशांनी सारखी. दुकानात १४ आणि १८ काउंटही होतं, पण १४ मधलं घर जेमतेम १.८ मिलिमीटरचं, ११ मधलं २.३ चं. डोळ्यांना तेवढाच अर्धा मिलिमीटर जास्त.

मग हिशोब. १२० भागिले ११, म्हणजे जवळजवळ ११ इंच. ९० भागिले ११, साधारण सव्वाआठ. फ्रेमवाल्याला दुमडायला आणि रिंगेत पकडायला चारी बाजूंनी तीन-तीन इंच मोकळं सोडायचं. म्हणजे १७ बाय १५ चा तुकडा. कापताना कात्री भोकांच्या एकाच ओळीतून चालवायची, नाहीतर कडा तिरकी जाते आणि पुढे घडीही तिरकी पडते. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून कोपऱ्यावरच्या पिको-फॉलवाल्याकडून चारी बाजूंना इंटरलॉक करून आणलं. कडांना चिकटपट्टी लावायचा शॉर्टकट मी सुचवला होता. आई म्हणाली, "गोंद राहतो, मग पिवळं पडतं." कोमट पाण्यातून काढलं, अर्धवट ओलं असताना उलट्या बाजूने इस्त्री केली. एकही टाका न घालता शनिवार-रविवार संपला!

दुसरा वीकेंड : रेघा

पेनने आखायचं का, असं मी विचारलं होतं. पाण्याने जाणारी शाई मिळते, पण चुकून आधी इस्त्री फिरली तर ती पक्की बसू शकते. इस्त्रीच्या उष्णतेने उडणारीही मिळते, ती कडाक्याच्या थंडीत परत उमटते म्हणतात. आई म्हणाली, दोऱ्याने घाल. लाल शिलाईचा दोरा, साधा धावदोरा.

९० ला दहा-दहाने भागलं की ९ भाग, पण रेघा लागतात १०. १२० चे १२ भाग, रेघा १३. कुंपणाला खांब नेहमी एक जास्त लागतो, हे कॉलेजात शिकलो होतो. एकूण २३ रेघा, टोकं सोडून साडेपाच मीटर दोरा. हा हिशोब मी ऐटीत सांगितला आणि लगेच तोंडावर आपटलो. :)

पहिली चूक : मी दहा भोकं मोजली. दहा घरांना दोन्ही टोकं धरून अकरा भोकं असतात, त्यामुळे माझे चौकोन नऊचे झाले. आईने नुसतं बोट फिरवून सांगितलं, "घरं मोजायची, भोकं नाही." सगळं उसवलं.

दुसरी चूक : घडी घालून मध्य काढला आणि तिथूनच रेघा सुरू केल्या. पण ९० चा मध्य येतो ४५ वर, आणि वहीतली ठळक रेघ आहे ४० वर आणि ५० वर. म्हणजे कापडावरच्या आडव्या रेघा वहीपेक्षा पाच घरं सरकलेल्या. परत उसवलं. मग मध्यापासून पाच घरं सोडून पहिली आडवी रेघ घातली. रुंदीचा मध्य ६० वर, तो मात्र ठळक रेघेवरच पडला.

या उसवाउसवीत एक युक्ती सापडली. धावदोरा तीन घरं वरून, दोन खालून, तीन वरून, दोन खालून असा घालायचा. तीन-दोन-तीन-दोन म्हणजे दहा. त्यामुळे प्रत्येक चौकोनाची सुरुवात सारखीच दिसते. कुठे एक घर चुकलं तर पुढच्या छेदापाशी टाका भलतीकडे येतो आणि चूक दहा घरांच्या आत पकडली जाते. चेकसमच हा! रेघांचा उपयोग काय, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्यामुळे चूक टळत नाही. ती लवकर सापडते.

रविवारी संध्याकाळी २३ रेघा पूर्ण. १०८ चौकोन. कापड आईच्या मांडीवर ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "छान झालंय. ही डावीकडून चौथी तेवढी वाकडी गेलीय. मधे पोट आलंय तिला."

मी मोजलं. डावीकडच्या रेघेपासून वर दहा घरं, मधे दहा, खाली दहा. उजवीकडेही तसंच. रेघ सरळ होती. "नाही गं, बरोबर आहे," म्हटलं. "मग मला कशी दिसते?" म्हणाली. आता बग रिपोर्ट आला की आधी वापरणाऱ्यालाच खोटं पाडायचं, ही आमच्या धंद्यातली वाईट सवय. म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. दहाच.

मग सहज कापड नव्वद अंशात फिरवलं. आई म्हणाली, "आता ही दुसरीच वाकडी दिसतेय."

चूक कापडात असती तर ती कापडाबरोबर फिरली असती. फिरली नाही. मी तिला डावा डोळा झाकायला सांगितला. वाकडी. उजवा झाकायला सांगितला. सरळ.

आमच्या फ्रिजवर डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला एक तक्ता चिकटवलेला आहे. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरची ४०० घरं आणि मधे ठिपका. मार्क आम्स्लर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा वाकड्या किंवा तुटक दिसतात का ते सांगायचं. वाकड्या दिसल्या तर दवाखाना गाठायचा. रोज सकाळी चहा घेताना मी विचारायचो, "तक्ता?" आणि आई म्हणायची, "सरळ." मी बघायचो मोबाईलमधे.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"झाले असतील पंधराएक."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"तू घेतोस का डोळ्यात सुई?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग आला होता, पण तिचा कमी आणि माझाच जास्त. कापडावरची रेघ मी तीन वेळा तपासली होती, आणि 'सरळ' हा शब्द रोज न तपासता घेत होतो. तक्त्यापुढे ती पेशंट होती, म्हणून लपवलं. कापडापुढे ती जाणकार होती, तिथे चूक दिसल्यावर गप्प बसणं तिला जमलं नाही.

सोमवारी सुट्टी टाकली. स्कॅनमधे सूज परत आलेली दिसली. त्याच आठवड्यात इंजेक्शन झालं, पुढची महिन्या-महिन्याने.

तिसरा वीकेंड : तंगूस

डॉक्टरांनी भरायला परवानगी दिल्यावर आईने पहिले चार चौकोन भरले आणि नवीनच भानगड समोर आली. भरताना सुई लाल दोऱ्याच्या आरपार जाते. दोरा फुल्यांखाली अडकतो, शेवटी ओढला तर निघत नाही, किंवा तुटून लाल कुसं मागे ठेवतो. परत रविवार पेठ. मोत्यांच्या माळा ओवायचा बारीक तंगूस आणला. नायलॉनचा एकसंध धागा असल्यामुळे सुई त्यातून आरपार जात नाही, बाजूने सरकते. काम संपलं की एक टोक धरून ओढायचा, सळकन बाहेर. फक्त इस्त्रीच्या आधी काढायचा, नाहीतर वितळून कापडाला चिकटेल.

भरलेले चौकोन सोडून सगळ्या रेघा तिसऱ्यांदा घातल्या. झाल्यावर लक्षात आलं की हा तर पारदर्शक! पांढऱ्या कापडावर मलाच धड दिसेना. ओशाळून म्हटलं, "आई, रंगीत बघायला हवा होता. तुला हे दिसणार नाही."

आईने अंगठ्याचं नख कापडावरून फिरवलं. टक्. थोडं पुढे, टक्.

"दिसायला कशाला हवंय? नखाला लागतंय की."

आता ती असंच भरते. नखाने चौकोनाची कड शोधते, तिथून जास्तीत जास्त दहा मोजते, वहीतला तोच चौकोन मी मोठा करून छापून दिलाय तो डाव्या डोळ्याजवळ धरते. डोळ्याचं म्हणाल तर पोट जरा आत गेलंय, पूर्ण गेलेलं नाही. पूर्ण जाईलच असं डॉक्टरही म्हणत नाहीत. सकाळचा तक्ता आता मी समोर उभा राहून विचारतो. एकेक डोळा झाकायला लावून. ती वैतागते.

१०८ पैकी १९ चौकोन झालेत. ताईच्या मुलीचा वाढदिवस डिसेंबरात आहे. मी एक्सेलमधे हिशोब मांडला, या वेगाने वेळेत होत नाही. आईला तसं सांगितलं.

"मग पुढच्या वाढदिवसाला देऊ," ती म्हणाली. "पोपट कुठे उडून जात नाहीत. ती हिरवी लडी दे इकडे."