कडेची जागा

निवृत्त माणसाला एखादे खूळ असावे असे डॉक्टर सांगतात. ते कोणते असावे हे मात्र सांगत नाहीत, आणि त्यामुळेच आमच्या घरावर प्रसंग ओढवला. चिरंजीवांनी आपला जुना कॅमेरा मला देऊन टाकला. "बाबा, मला आता फोन पुरतो. तुम्हीच वापरा." ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आधी वापरता येतो का ते तरी बघा!"

कॅमेऱ्याचे नाव सांगत नाही. फुकटची जाहिरात नको. जात सांगतो. तो डिजिटल रेंजफाइंडर आहे. हे घराणे जुने. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला आणि १९३२ साली त्याच्या पोटात अंतर मापण्याची सोय बसली. २००४ मध्ये एप्सनने या घराण्यातला पहिला डिजिटल कॅमेरा काढला, २००६ मध्ये लायकाने तीच वाट धरली, आणि २००९ मध्ये जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरचा सेन्सर त्यात आला. माझा कॅमेरा याच कुळातला. त्याला लावलेले भिंग १५ मिलिमीटरचे. बघायला बाटलीच्या बुचाएवढे, पण एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एकशे दहा अंश गिळंकृत करणारे.

आता या कॅमेऱ्याचा एक स्वभाव सांगायला हवा. तो भिंगातून बघत नाही. शेजारच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे भिंगावर झाकण असले तरी तुम्हाला सारे जग लख्ख दिसत राहते. त्या वर्षी गणपतीच्या आरतीचे मी अकरा फोटो काढले. अकराच्या अकरा काळेकुट्ट! "अमावस्येचे छान आलेत," असे चिरंजीव फोनवर म्हणाले.

पण हे सारे मी हौसेने करीत नव्हतो. कसबा पेठेतला आमचा वाडा पाडायचा ठरला होता. करारावर सह्या झाल्या होत्या आणि २०२३ ची दिवाळी ही वाड्यातली शेवटची दिवाळी होती. तुळशीचे लग्न लागले की सगळ्यांनी सामान हलवायचे. तेव्हा सगळ्या घराचा एक फोटो माजघरात व्हावा, एवढीच माझी इच्छा. माणसे अठरा आणि माजघर लहान. सतरा फुटांची भिंत नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगात बसवायची, तर चोवीस फूट मागे सरावे लागते. म्हणजे मला शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात उभे राहावे लागले असते. १५ मिलिमीटरला सात फूट पुरतात.

दसऱ्याला रंगीत तालीम केली. सगळ्यांना भिंतीशी ओळीने उभे केले, कॅमेरा डोळ्याला लावून थोडा खाली झुकवला, आणि खटका दाबला.

फोटो संगणकावर उघडला आणि मुलांची हसून मुरकुंडी वळली. माजघराचे सागवानी खांब खालच्या बाजूला एकमेकांकडे असे कलले होते की मक्तेदार यायच्या आतच वाडा पडतो की काय असे वाटावे. धाकट्या भावाने पुतण्याला बोलावण्यासाठी हात पुढे केला होता, तो सुपाएवढा आला होता. दोन्ही कडांवर जांभळट-गुलाबी झाक होती. आणि ओळीच्या अगदी टोकाला उभ्या असलेल्या आमच्या आत्याचा चेहरा कोहळ्यासारखा आडवा ताणला गेला होता.

आत्याने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिले. "मी अशी दिसते होय?" तिने विचारले. मग स्वतःच म्हणाली, "कडेला उभं राहिलं की असंच व्हायचं."

मुले गप्प झाली. मला त्या रात्री झोप आली नाही.

आत्या बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, आणि त्यालाही साठ वर्षे होऊन गेली. आम्हा भावंडांची बाळंते तिने धुतली, आमच्या मुंजीचे लाडू तिने वळले. सकाळी मी भिंतीवरच्या जुन्या तसबिरी खाली उतरवून एकेक निरखल्या. माझ्या मुंजीच्या फोटोत ती दाराच्या चौकटीशी आहे. बहिणीच्या लग्नाच्या फोटोत चौकटीने तिचा अर्धा खांदा कापला आहे. एका फोटोत तर नुसता तिचा हात दिसतो, माझ्या धाकट्या भावाचे बोट धरलेला. इतकी वर्षे त्या तसबिरी माझ्या डोळ्यांसमोर टांगलेल्या होत्या, आणि मला हे कधी दिसले नव्हते.

दसरा ते भाऊबीज असे तीन आठवडे हाताशी होते. मी अभ्यासाला बसलो. चुकतमाकत जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. कुणाच्या उपयोगी पडले तर पाहावे.

पहिली गोष्ट, कॅमेरा पाणसळीत धरायचा. वर किंवा खाली झुकवला की खांब कलतात. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खिडकीत एवढे रुंद दृश्य मावतच नाही, म्हणून डोक्यावर एक वेगळी छोटी दुर्बीण बसवतात. मी तिच्याजवळ गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा चिकटवला. कॅमेरा छातीशी धरून बुडबुडा मध्ये आणला की खांब आपोआप ताठ! मात्र ती दुर्बीण भिंगाच्या वर असते, तेव्हा जवळचे माणूस तिच्यात दिसते तसेच्या तसे चौकटीत येत नाही. थोडी जागा राखून ठेवावी.

दुसरी गोष्ट, अंतराची चिंता सोडायची. भिंगाचे छिद्र ८ वर आणि अंतर एक मीटरवर ठेवले, की हातभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. एवढ्या आखूड भिंगाने सेकंदाच्या पंधराव्या भागातही हातात धरून फोटो निघतो, फक्त समोरच्यांनी श्वास रोखावा. उजेड मात्र आधी मापून ठेवावा. चौकातले ऊन चौकटीत आले की कॅमेऱ्याला वाटते सगळीकडेच लख्ख आहे, आणि माजघर काळोखात बुडते. म्हणून आधी भिंतीकडे रोखून माप घ्यायचे आणि ते कायम करायचे.

तिसरी गोष्ट त्या जांभळ्या कडांची. या भिंगाचा मागचा भाग सेन्सरच्या फार जवळ असतो, त्यामुळे कडेला प्रकाश तिरपा पडतो. फिल्मला ते चालत असे, सेन्सरला सोसत नाही. भिंगावर पांढरे कापड धरून, तेच छिद्र ठेवून एक कोरा फोटो काढायचा आणि त्याच्या आधाराने संगणकावर रंग सारखे करायचे. मी वडिलांचे जुने धोतर वापरले. नाही तर सरळ फोटो काळा-पांढरा करावा.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यावर कोणताच उपाय नाही. कडेचे माणूस ताणले जाणारच. सपाट भिंत सरळ येते, पण गोल डोके आडवे होते. तेव्हा कडेला माणसे ठेवायची नाहीत. तिथे दारे, कोनाडे, खुंट्या ठेवायच्या. माणसे मध्ये, एकामागे एक बसवायची. जो जवळ असेल तो मोठा दिसतो. म्हणून ज्याला मान द्यायचा त्याला पुढे बसवायचे.

भाऊबीजेला सगळे जमले. तरुण मंडळी माडीच्या जिन्याच्या पायऱ्यांवर चढवली, त्यांच्यापुढे भाऊ, भावजया आणि ही. सगळ्यांच्या पुढे, अगदी मधोमध मी पाट मांडला आणि म्हणालो, "आत्या, इथे बस."

"छे रे! मधे तू नि सूनबाई बसा. मी आपली दाराशी."

"आत्या, ही काच कडेच्या माणसाला नीट दाखवत नाही. तिथे फोटो बिघडतो. तुला मधेच बसायला हवं."

ती थोडा वेळ पदर सारखा करीत उभी राहिली. "काचेचं म्हणणं असेल तर बसते," ती म्हणाली, आणि बसली. मुले तिच्या दोन्ही बाजूंना बिलगली. मी झाकण काढले आहे ना ते दोनदा पाहिले, बुडबुडा मध्ये आणला, आणि खटका दाबला.

वाडा आता नाही. तिथे पत्रे लागले आहेत. आम्ही तात्पुरत्या भाड्याच्या जागेत आहोत, आणि तो फोटो आत्याच्या पलंगासमोर टांगला आहे. काळा-पांढराच ठेवला; ही अजून त्यावरून बोलते.

फोटो चौकटीत बसवून आणला त्या दिवशी आत्याने तो मांडीवर घेतला. स्वतःकडे तिने फारसे पाहिलेच नाही. भिंगाने ती कडेकडे निरखीत होती.

"इथे दाराशी कुणी नाही का रे?"

"नाही आत्या. तिथे नुसतं दार आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "दार छान आलंय."