ओट्याखालचे कप्पे

मार्च अर्धा सरला की जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याची दुपार लांबते. उत्तरेकडची सातपुड्याची रांग धुरकट होते, रत्नावतीच्या पात्रात दगडगोटे उघडे पडतात आणि अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे केळीचे ट्रक सोडले तर बारानंतर फारसं काही हलत नाही. गच्च्या मात्र भरलेल्या असतात. पापड, कुरडया, बिबड्या वाळत पडलेल्या असतात, कडेला उडदाची डाळ ऊन खात असते. चोपड्यातल्या घरांत वर्षाची बेगमी याच दिवसांत होते आणि ती कुठे ठेवायची हा प्रश्नही याच दिवसांत उभा राहतो.

खानदेशचं स्वयंपाकघर मुळात साठवणीचं आहे. दादर ज्वारी, गहू, कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीसोबत लागणारे उडीद, तुरीची डाळ, शेंगदाणे, लाल मिरची, 15 किलोचा तेलाचा डबा, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त जागा अडवणारं मांड्यांचं खापर. खापर गोल, फुगीर आणि मातीचं. त्याच्यावर काही ठेवता येत नाही, त्याला कोपऱ्यात दडपताही येत नाही. सणावारी खापरावरची पुरणपोळी हवी असेल, तर वर्षभर त्या खापराला जागा द्यावीच लागते.

जुन्या धाब्याच्या घरांनी ही सोय आपल्या पद्धतीने केली होती. मातीच्या जाड भिंतीतच फडताळ असे, कोनाडे असत. वर फळ्या आणि त्यांवर पितळी डबे, खाली मडक्यांची उतरंड, छताला शिंकं. बाई चुलीपुढे पाटावर बसे आणि रोजचं लागणारं बहुतेक सगळं बसल्या हाताच्या टप्प्यात असे. तापी ओलांडून अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. पुढे ‘विप्रो’ म्हणून जगभर गेलेली कंपनी तीच. तेला-तुपाचे रिकामे पत्र्याचे डबे मग घराघरांत धान्याला लागले आणि फळीची खोली डब्याच्या मापाने ठरू लागली.

मग गॅस आला. मुंबईत तो 1955 च्या सुमारास पोचला, तालुक्याच्या गावांना यायला आणखी बरीच वर्षं गेली. गॅसबरोबर ओटा आला आणि पाटावरची बाई उभी राहिली. धूर गेला, डोळे वाचले, हे मोठंच सुख. पण सामान खालीच राहिलं. ओट्याखाली कडप्प्याच्या दोन-तीन फळ्या बसवल्या गेल्या, पुढे पडदा किंवा सरकती जाळी. ओट्याची खोली 24 इंच, 15 किलोच्या चौकोनी डब्याची बाजू साधारण सव्वानऊ इंच. म्हणजे एकामागे एक असे दोन डबे बसतात आणि मागचा काढायचा तर पुढचा आधी बाहेर ओढावा लागतो. पस्तिशीतल्या बाईला याचं काही वाटत नाही. पासष्टीत गुडघे गेल्यावर तीच बाई एका हाताने ओट्याची कड धरते, हळूहळू जमिनीवर बसते, डबा ओढते आणि उठताना कुणाला तरी हाक मारते. असं चित्र चोपड्यात घरोघरी दिसेल. अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे, दुखणी घेऊन लोक तिथे पिढ्यान्पिढ्या अंघोळीला जातात. पण गुडघ्यांना रोजचा त्रास देणाऱ्या त्या कडप्प्याच्या फळीकडे घरातल्या कुणाचं लक्ष जात नाही.

जळगाव-धुळ्याच्या दुकानांत आता तयार ट्रॉल्या मिळतात. चकचकीत स्टीलच्या, ताटांना वेगळी, वाट्यांना वेगळी, चमच्यांना वेगळी. त्या चांगल्याच असतात, पण त्यांची मापं पिशवीभर किराणा महिन्याला आणणाऱ्या घराची. धान्याचा डबा त्यांत उभा राहत नाही आणि खापराचं तर नावच नको. म्हणून अजूनही काही घरांत कुणीतरी पेन्सिल कानाला लावतं आणि कप्पे घरीच करायचं ठरवतं.

हे ‘कुणीतरी’ बहुधा घरातले नाना किंवा आप्पा असतात. नोकरीतून किंवा शेतीतून मोकळे झालेले, हाताला थोडंफार वळण असलेले. त्या वळणालाही इतिहास आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिकवण्याची कल्पना तिथे मांडली गेली. त्यातून निघालेल्या मूलोद्योग शाळा मुंबई राज्यात पुढे बरीच वर्षं चालल्या. कुठे सूतकताई, कुठे शेती, कुठे सुतारकाम. गुण्या लावून काटकोन तपासायला, रंध्याचं पातं धारेला लावायला ज्यांना शाळेतच शिकवलं, ती पिढी आज सत्तरीपलीकडे आहे. हात तयार आहेत आणि शरीर थकलेलं आहे, अशा वयात हे काम सुरू होतं. कुणाला मधुमेह, कुणाच्या हृदयात स्टेंट, कुणाला दम्याचा त्रास, कुणाची कंबर जेमतेम अर्धा तास साथ देणारी.

अशा माणसाला घरचे सांगतात की आता कशाला, सुताराला बोलवा. सल्ला मायेचा असतो. तरी तो नेहमी ऐकायलाच हवा असं नाही. आजारी माणसाकडे या कामापुरती एक मोठी जमेची बाजू असते, ती म्हणजे कुठे वाकलं की दुखतं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. तंदुरुस्त सुतार खालच्या कप्प्याचं दार जमिनीपासून चार इंचांवर सुरू करतो, कारण तिथवर वाकणं त्याला जाणवतच नाही.

आपल्याकडचा सुतार पूर्वापार जमिनीवर बसून काम करत आला. फळी पायाच्या पंजात धरायची, दोन्ही हात हत्याराला मोकळे ठेवायचे. डोळ्यांनी पाहावं असं ते कौशल्य आहे. गुडघे दुखणाऱ्याने मात्र त्या बैठकीचा मोह सोडावा आणि काम कमरेच्या उंचीला आणावं, मग त्यासाठी जुना पलंग विटांवर चढवावा लागला तरी हरकत नाही. 8 बाय 4 फुटांच्या 19 मिलिमीटर प्लायवूडचं वजन 35 ते 40 किलो भरतं. कंबरेचा रुग्ण आणि ती अख्खी शीट यांची गाठ पडूच नये. मापं लिहून दिली की कापणी दुकानातच होते. घरी येतात ते हातात मावणारे तुकडे.

भुशाबद्दल तर आपण फारच बेफिकीर आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला 1995 मध्ये कर्करोगकारक ठरवलं, तेही पुरावा पक्का असलेल्या पहिल्या गटात. प्लायवूडच्या डिंकातून हवेत जाणाऱ्या फॉर्मल्डिहाइडला त्याच गटात 2004 साली टाकलं. सुताराच्या खांद्यावरचा रुमाल नाकाला बांधून ही बारीक धूळ अडत नाही. एन-95 मास्क लावावा आणि पॉलिश पेपर घासण्याचं काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावं. दमेकऱ्याने हा नियम एक दिवसही मोडू नये.

मधुमेह्याचा धोका वेगळा आहे आणि तो समजायला वेलोरच्या एका डॉक्टरची गोष्ट उपयोगी पडते. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 चा, दक्षिणेतल्या कोल्ली डोंगरांत. वैद्यकाकडे वळण्याआधी ते बांधकाम आणि सुतारकाम शिकले होते. वेलोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या ध्यानात आलं की बोटं झडतात ती रोगाने थेट खाल्ल्यामुळे नाही. वेदनाच कळत नसल्यामुळे जखम होते, चिघळते आणि बोट जातं. त्यांनी रुग्णांना सुतारकाम शिकवलं, आणि हत्याराने कुठे लागलं का हे रोज डोळ्यांनी तपासायलाही शिकवलं. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांची गत पुष्कळशी अशीच असते. पायात शिरलेली कुसळाएवढी ढलपी त्यांना दुसऱ्या दिवशीही जाणवत नाही. म्हणून चपला काढून काम करण्याची आपली सवय अशा घरात सोडावी, आणि संध्याकाळी दिवा लावून तळवे पाहावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पटाशी चालवताना दुसरा हात नेहमी धारेच्या मागे असावा.

आजारी शरीरानेही हाताने काम करता येतं, याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण वरोऱ्याचं आनंदवन. 1949 पासून तिथे कुष्ठरुग्णांनी विहिरी खणल्या, घरं बांधली, सुतारशाळा चालवली. ते उभारणाऱ्या खुद्द बाबा आमट्यांच्या मणक्यांनी दगा दिला. त्यांना बसता येईना, उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं एवढंच उरलं, आणि 1985 च्या डिसेंबरात निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते कन्याकुमारीपासून गाडीतल्या बिछान्यावर पडून प्रवास करत गेले. शरीराची अट मान्य करून कामाची रीत बदलायची, हे तिथलं रोजचं वागणं आहे.

आजारी शरीराला स्वयंपाकघराचं माप मानण्याची कल्पना अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस पद्धतशीर मांडली. बारा मुलांची ही आई पेशाने अभियंता होती आणि कामातल्या हालचालींचा अभ्यास हा तिचा विषय. हृदयविकार असलेल्या गृहिणींसाठी तिने ‘हार्ट किचन’ आखलं. बसून करता येईल ते बसून करायचं, नेहमीचं सामान खांदा आणि गुडघा यांच्यामध्ये ठेवायचं आणि येरझारा कमी करायच्या, हे त्याचं सूत्र होतं. त्याआधी 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी आखलेल्या फ्रँकफुर्टच्या प्रसिद्ध स्वयंपाकघरात पीठ ओकच्या लाकडाच्या कप्प्यात ठेवलं जाई, म्हणजे त्याला कीड लागत नसे. आपल्याकडे धान्यात कडुनिंबाचा पाला घालतात, त्यामागचा हेतू तोच.

चोपड्याच्या घरात हे सूत्र उतरवणं अवघड नाही. कडप्प्याची फळी काढायची, तिथे बाहेर येणारा मजबूत तळखण करायचा. साध्या टेलिस्कोपिक चॅनेलची जोडी 35 ते 45 किलो वजन पेलते. धान्याने भरलेले दोन डबे तिशीच्या आसपास जातात. म्हणजे दोन्ही डबे एका ओढीत पुढे येतात आणि मागच्या डब्यासाठी कुणाला जमिनीवर बसावं लागत नाही. खापरासाठी कोपऱ्यात बिनदाराचा, रुंद तोंडाचा खण ठेवावा. मुठी मोठ्या असाव्यात, संधिवाताच्या बोटांना बारीक गोळा पकडता येत नाही.

लाकूड कोणतं, यावर चोपड्यात प्रत्येकाचं मत ठाम असतं. सातपुडा जवळ असल्याने सागाचा अभिमान मोठा. अंजनाचं लाकूड आणखी टणक, देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. वाळवीला साग दाद देत नाही आणि हवामानाने फारसा हलतही नाही. तरी पाण्याच्या शेजारी, सिंकखाली, चांगल्या प्रतीचं बीडब्ल्यूपी प्लाय लावण्यात कमीपणा काही नाही. सागाच्या पट्ट्या दर्शनी चौकटीला ठेवाव्यात. घरच्या वाड्याची मोडकी दारं पडली असतील तर आधी ती पाहावीत. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरच पूर्वेला फैजपूर आहे. 1936 च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, आणि शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी त्याची सजावट बांबूसारख्या आसपासच्या साहित्यातून, गावच्या हातांकडून उभी केली. जवळ जे आहे त्यातून देखणं करण्याचा धडा या परिसराला नवा नाही.

कामाचा वेग हवा ठरवते. मे महिन्यात जळगाव जिल्ह्याचा पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा फेव्हिकॉल पसरेपर्यंत त्यावर साय धरते. हा पांढरा डिंक 1959 पासूनचा. त्याआधी सरस चुलीवर शिजवून लावत आणि त्याचा वास दोन दिवस घरातून जात नसे. उन्हाळ्यात चिकटवण्याचं काम सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीला करावं, हृदयरोग्याच्या प्रकृतीलाही तेच बरं. मेमध्ये घट्ट बसवलेला सागाचा खण जुलैच्या ओलाव्यात फुगून अडतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक सोडायची. लाकूड हलतं ते आडव्या अंगाने, लांबीत जवळजवळ नाहीच. लाखेचं पॉलिश पावसाळ्यात पांढरट पडतं. त्याला खरी हवा मिळते ती दिवाळीनंतर, कोरड्या थंडीत.

म्हणजे मार्चमध्ये मापं घेतलेलं काम डिसेंबरात पुरं होतं. अध्येमध्ये दवाखाना असतो, साखर वाढलेली असते, कंबरेने अंथरूण धरायला लावलेलं असतं. दारावरून जाणारा शेजारी विचारतो, “काय नाना, कुठवर आलं?” आणि नाना सांगतात, “दोन दारं राहिली.” ती दोन दारं कितीतरी आठवडे तेवढीच राहतात. धडधाकट माणसाला हा उशीर वाटतो. पण या मधल्या काळात बाई अर्धवट कप्पे वापरत असते, आणि डाव्या हाताचा खण उजवीकडे हवा होता, मिरचीचा डबा गॅसपासून लांब हवा होता, हे तेव्हाच कळतं. सुताराने दहा दिवसांत उरकलेल्या कामात एवढी सवड नसते. घरी केलेल्या कप्प्यांचा खरा फायदा या सवडीत आहे.

एक चूक मात्र हौशी माणसं हमखास करतात. सगळी मापं भिंतीची घेतात आणि तिथे उभं राहणाऱ्या माणसाचं एकही घेत नाहीत. बाजारात ओटा 32 ते 34 इंचांचा धरून चालतात. उभ्याने चिरणं, मळणं सोसावं तर ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली हवा. पाच फुटांच्या बाईचा आणि साडेपाच फुटांच्या सुनेचा ओटा एक असू शकत नाही, तिथे एका टोकाला बसून चिरायची सरकती फळी काढावी. चोपड्यात यंदा ज्यांनी हे काम मनावर घेतलं असेल, त्यांनी दुकानात जायच्या आधी घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भिंतीशी उभं करावं, हात काटकोनात वाकवायला सांगावा आणि कोपराची जमिनीपासूनची उंची कागदावर सर्वांत वर लिहावी.