खुशाल जा!

इंग्रजी बोलणारा मनुष्य परवानगी देतो, तेव्हा नुसत्या 'होय'वर त्याचे समाधान होत नाही. शेजारची खुर्ची घेऊ का, असे विचारणाऱ्यास तो 'बी माय गेस्ट', म्हणजे 'आमचे पाहुणे व्हा', असे म्हणतो. खिडकी उघडू का, असे विचारणाऱ्यास 'बाय ऑल मीन्स', म्हणजे अवश्य. जालन्याच्या आमच्या वर्गात हे वाक्प्रचार शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांस नेहमी बजावतो की, बाबांनो, शब्दापेक्षा सूर ऐका. तेच 'बी माय गेस्ट' ओठ मुडपून म्हटले, की त्याचा अर्थ 'करा काय करायचे ते' असा होतो.

आपल्या 'खुशाल'चीही तीच गत आहे. हा शब्द फारसीतील 'खुशहाल'वरून आला. सुखात असलेला, हा त्याचा मूळ अर्थ. 'शाबास'ही तिकडचाच: 'शाद बाश', आनंदी राहा. म्हणजे अनुज्ञा आणि उत्तेजन, दोहोंच्या पोटी आशीर्वादच आहे. परंतु आपण 'खुशाल जा' म्हणतो, तेव्हा तो आशीर्वाद शिल्लक असतोच असे नाही.

हे आम्ही पुस्तकात शिकलो नाही. थोरल्या मुलीने पदवीनंतर पुढील शिक्षणासाठी पुण्यास जाऊ का, असे विचारले, तेव्हा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता आम्ही म्हणालो, "खुशाल जा. आमची काय हरकत?" ती गेली नाही. तिने आपणहून विचार बदलला, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. परवा ती सहज बोलून गेली, "बाबा, तुम्ही तेव्हा 'नको'च म्हणाला होतात."

आमच्याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. बोहल्यावर 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते मंडपातून निघून गेले, अशी कथा आहे. भटजींचा तो नित्याचा शब्द. त्यांनी त्यात जाण्याची आज्ञा ऐकली. आमच्या मुलीने परवानगीत नकार ऐकला. आणि खरे सांगावयाचे तर तो तेथे होताच.

यंदा धाकटीने तोच प्रश्न केला. आम्ही वर्तमानपत्र घडी करून बाजूस ठेवले. इंग्रजीतील सारे वाक्प्रचार आठवले, तोंडी आले ते मात्र आमच्या आजीचे शब्द: "जाऊन ये." त्यात जाणे आहे आणि परतीचे दारही उघडे आहे.

थोरली उंबऱ्याशी उभी होती. तिने ते ऐकले; बोलली मात्र काही नाही.